‘कासराभर दिवस’ : दृक्प्रत्ययवादी चित्रशैली आणि दैनंदिन वर्णनाची मराठी

प्रस्तावना

चित्रकलेच्या इतिहासातील ‘इम्प्रेशनिझम’ या संज्ञेसाठी मराठीत ‘दृक्प्रत्ययवाद’ आणि ‘संस्कारवाद’ असे दोन पर्याय वापरले जातात. दोन्ही शब्द एकाच मूळ संज्ञेसाठी योजले जात असले, तरी त्यांचा रोख एकच नाही. ‘दृक्प्रत्यय’ म्हणजे डोळ्याला त्या क्षणी जे जाणवले ते. ‘संस्कार’ म्हणजे अनुभव सरल्यानंतर मनावर जे उरते ते. एका शब्दाचा भर पाहण्यावर आहे, तर दुसऱ्याचा पाहिल्यानंतरच्या ठशावर. समीक्षेत ‘संस्कारवादी’ हा शब्द पुष्कळदा ‘व्यक्तिनिष्ठ’ किंवा ‘मोघम’ अशा अर्थाने, किंचित उणेपणा दाखविण्यासाठी वापरला जातो. चित्राच्या बाबतीतही रेषा पुसट दिसली आणि कडा विरघळलेल्या वाटल्या की चित्र ‘इम्प्रेशनिस्ट’ ठरविण्याची सवय आढळते.

प्रस्तुत लेखात या समजुतीचा फेरविचार करण्याचा प्रयत्न केला आहे. दृक्प्रत्ययवादी वर्णन मोघम नसते. ते एका विशिष्ट वेळेशी व विशिष्ट जागेशी कमालीचे प्रामाणिक असते, हे पहिले प्रतिपादन आहे. अशी वर्णनपद्धती आपल्या परिसरातील बोलीत पूर्वापार आहे, परंतु तिच्यातील डोळा हा केवळ पाहणाऱ्याचा नसून राबणाऱ्याचा आहे, हे दुसरे प्रतिपादन आहे. वर्गात निबंध तपासताना आपण कोणते वर्णन चांगले मानतो, या प्रश्नाशी ही चर्चा थेट निगडित असल्याने तिला केवळ कलेतिहासाचे स्वरूप राहत नाही.

‘अपूर्ण’ चित्रांचा काटेकोरपणा

क्लोद मोने यांनी १८७२ मध्ये ल आव्र बंदरातील सूर्योदयाचे चित्र रंगविले. ते १८७४ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा लुई लरॉय या टीकाकाराने चित्राच्या शीर्षकातील ‘इम्प्रेशन’ हा शब्द उचलून त्या सर्व चित्रकारांची थट्टा केली. चित्रे पूर्ण केलेलीच नाहीत, हा आक्षेपाचा गाभा होता. थट्टेतून आलेले हे नाव पुढे चळवळीला चिकटले आणि १८८६ मध्ये झालेल्या आठव्या व अखेरच्या प्रदर्शनापर्यंत ते प्रतिष्ठितही झाले.

या चित्रकारांच्या हाती काही नवी साधने आली होती. १८४१ मध्ये जॉन रँड यांनी रंगासाठी धातूची नळी तयार केली. त्यामुळे तैलरंग चित्रशाळेबाहेर नेणे सोपे झाले. त्याआधी १८३९ मध्ये शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप कसे बदलतात याचे विवेचन प्रसिद्ध केले होते. सावली काळी नसते, तिच्यातही निळ्या-जांभळ्या छटा असतात, ही गोष्ट उघड्यावर बसून रंगविणाऱ्यांना प्रत्यक्ष दिसू लागली. वस्तूचा ‘स्वतःचा’ असा कायमचा रंग नसतो. तिच्यावर पडणारा प्रकाश आणि तिच्या शेजारचे रंग मिळून तिचा त्या वेळचा रंग ठरवितात.

याची सर्वांत परिचित साक्ष म्हणजे मोने यांची गंजींची चित्रमालिका होय. जिव्हर्नी येथील शेतातल्या गंजी त्यांनी प्रामुख्याने १८९०–९१ च्या हंगामात रंगविल्या आणि १८९१ मध्ये त्यांपैकी पंधरा चित्रे एकत्र मांडली. प्रकाश बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा आणि पुन्हा तसाच प्रकाश आला की पहिल्याकडे वळायचे, अशी त्यांची पद्धत होती. ज्याला मोघमच रंगवायचे आहे त्याला इतक्या कॅनव्हासांची गरज पडत नाही. चित्रातील कडा विरल्या आहेत याचे कारण चित्रकाराला नीट दिसले नाही हे नव्हे. त्या वेळच्या प्रकाशात त्या कडा तशाच होत्या, हे त्याचे कारण आहे.

मात्र या काटेकोरपणाची एक किंमत आहे. वासिली कांदिन्स्की यांनी मॉस्कोतील प्रदर्शनात मोने यांच्या गंजीचे चित्र पाहिले, तेव्हा ती गंज आहे हे त्यांना प्रदर्शनाच्या सूचीवरून कळले, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. प्रकाश इतका खरा झाला की वस्तूच ओळखू येईना. पुढे अमूर्त चित्रकलेची वाट शोधणाऱ्या कांदिन्स्की यांना हे मुक्तीसारखे वाटले. मोहोळ तालुक्यातील शेतकऱ्याला ते तसे वाटेल काय, या प्रश्नाकडे पुढे यावयाचे आहे.

महाराष्ट्र आणि इंदूर : उघड्यावरची चित्रकला

मुंबईतील सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून यथार्थदर्शी, रेखनप्रधान शिक्षणाची परंपरा आपल्याकडे रुजली. या शाळेत शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचे उदाहरण येथे महत्त्वाचे ठरते. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या या चित्रकाराने कोल्हापुरातील कोटितीर्थाचा परिसर वारंवार रंगविला. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या निसर्गचित्रांतील प्रकाशाची हाताळणी पाहून अनेक अभ्यासकांना फ्रेंच दृक्प्रत्ययवादाची आठवण झाली आहे. प्रभाव होता की नव्हता, या वादापेक्षा एक साधी गोष्ट अधिक बोलकी आहे. एकाच तळ्याकाठी पुन्हा पुन्हा जाऊन बसणाऱ्या माणसाला ‘तळे’ दिसेनासे होते आणि ‘आत्ताचे तळे’ दिसू लागते. ही दृष्टी पॅरिसहून आयात करावी लागत नाही. एका जागी दीर्घकाळ थांबण्यातून ती येते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राबाहेरील मराठी परिसरातले आहे. इंदूर येथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी जी चित्रकारांची पिढी घडविली, तिच्यात नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२), देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर ही नावे येतात. प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेले निसर्गचित्रण आणि मोकळे, जाड रंगलेपन ही या परंपरेची ओळख मानली जाते. बेंद्रे यांनी पुढे अनेक शैली हाताळल्या आणि उत्तरायुष्यात ते रंगबिंदूंच्या चित्रणाकडे वळले. याच इंदुरात कलेचे पहिले धडे घेतलेले मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) हे आपल्या तालुक्याला लागून असलेल्या पंढरपूरचे. ज्या कलाविचाराची चर्चा येथे चालली आहे तो सोलापूर जिल्ह्याला अगदीच परका नाही, एवढे या उल्लेखावरून ध्यानात यावे.

मराठी साहित्यातील दोन साक्षी

चित्रातील ही दृष्टी शब्दांत कशी उतरते हे पाहण्यासाठी प्रथम बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांच्याकडे वळावे लागते. त्यांच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेचे नाव या संदर्भात हटकून घेतले जाते. हिरवा, निळा, पांढरा, काळा असे रंगांचे सपाट पट्टे तिच्यात एकापुढे एक येतात आणि दृष्टी विस्ताराकडून एका बिंदूकडे सरकत अखेर पाण्याकाठच्या झाडाशी थांबते. रचना निःसंशय चित्रमय आहे. परंतु तिच्यात वेळ कोणती हे कळत नाही. ऊन कोणत्या बाजूने पडले आहे हेही कळत नाही. ते स्थळ जणू काळाबाहेर आहे आणि कवितेची उदासी त्या कालातीततेतूनच येते. म्हणून ‘औदुंबर’ला चित्रमय म्हणणे योग्य असले, तरी दृक्प्रत्ययवादी म्हणणे कठीण आहे. याउलट ‘श्रावणमास’ या कवितेत ऊन आणि सर यांचा लपंडाव हाच विषय आहे. दृश्य स्थिर होऊ लागते तोच प्रकाश बदलतो. तिच्या उल्हासाचे मूळ या चंचल प्रकाशात आहे. एकाच कवीच्या दोन प्रसिद्ध कवितांमधील हा भेद आपल्या समीक्षेत पुरेसा स्पष्ट केला जात नाही. रंगांची विपुलता म्हणजे दृक्प्रत्ययवाद नव्हे. क्षणाशी असलेली निष्ठा हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण आहे.

दुसरी साक्ष गद्यातील आहे. दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय महिन्यांच्या क्रमाने लिहिलेल्या या ललित लेखांत झाडे, पालवी, ढग यांचे महिनागणिक पालटणारे रंग नोंदविले आहेत. एकच सृष्टी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रकाशात पाहण्याची ही रीत मोने यांच्या चित्रमालिकेच्या जवळची आहे. परंतु एक मोठा फरक आहे. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या. त्यांच्या लेखनात झाडाचा रंग येतो तेव्हा त्यासोबत त्याचे लोकांतील नाव, त्याविषयीच्या कथा आणि समजुतीही येतात. डोळ्याला आत्ता दिसलेले आणि समाजाच्या मनावर पूर्वीपासून उमटलेले असे दोन्ही एकाच वाक्यात नांदतात. प्रारंभी उल्लेखिलेल्या दोन संज्ञा, दृक्प्रत्यय आणि संस्कार, येथे परस्परविरोधी राहत नाहीत. मराठी वर्णनाचे खास सामर्थ्य या मेळात असावे, असे वाटते. आपली बोली हेच काम अधिक सहजपणे करताना दिसते.

बोलीतील प्रकाशाची मापे

सकाळी ऊन किती वर आले हे सांगताना आपल्याकडची जुनी माणसे ‘दिवस कासराभर वर आला’ असे म्हणतात. कासरा म्हणजे बैलाला बांधावयाचा दोर. क्षितिज आणि सूर्यबिंब यांमधले अंतर डोळ्याला कासऱ्याच्या लांबीएवढे भासते, म्हणून तो कासराभर दिवस. घड्याळाचा आकडा येथे नाही. खगोलशास्त्रीय अंशही नाहीत. जे दिसते तेच सांगितले आहे आणि तरीही ऐकणाऱ्याला वेळ नेमकी कळते. दृक्प्रत्ययवादाची व्याख्या करावयाची तर याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

हा एकटा शब्दप्रयोग नव्हे. झुंजुमुंजू होणे, तांबडे फुटणे, दिवस माथ्यावर येणे, उन्हे कलणे, कडूस पडणे, दिवेलागण होणे अशी पहाटेपासून रात्रीपर्यंतची एक संपूर्ण प्रकाशमालिकाच बोलीत तयार आहे. यांतील प्रत्येक पायरीवर आकाशाचा वेगळा रंग आणि माणसांचे वेगळे काम आहे. उन्हाचेही प्रकार आहेत. ते कोवळे असते, तिरपे असते, टळटळीत असते. दाराच्या फटीतून आले तर तिरीप होते आणि पानांतून जमिनीवर सांडले तर कवडसा होतो. चैत्र-वैशाखात सीनेच्या काठापासून माळापर्यंत सगळा मुलूख जेव्हा भाजून निघतो, तेव्हा ‘ऊन मी म्हणत होते’ असे सहज म्हटले जाते. त्या प्रकाशात इतर सर्व वस्तूंचे रंग फिके पडतात आणि केवळ ऊनच उरते, ही चित्रकाराने नोंदवावी अशी गोष्ट या वाक्प्रचारात आहे.

याच संदर्भात मराठीतील अभ्यस्त व नादानुकारी शब्दांचा विचार करावा लागतो. लखलख, झगमग, लुकलुक, मिणमिण, चमचम हे सर्व शब्द प्रकाशाविषयीचे आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दिवा मिणमिणतो, चांदणी लुकलुकते, भांडे लखलखते. प्रकाशाचे बळ, त्याचे थरथरणे, त्याचा पृष्ठभाग असे तीन तपशील एका शब्दात येतात. रणरण आणि रखरख या शब्दांत तर उष्णतेला आवाजाची चाल मिळाली आहे. चित्रकार कुंचल्याचे सुटे फटकारे शेजारी शेजारी ठेवतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात त्यांचा मेळ होतो. अक्षरांची पुनरावृत्ती ऐकणाऱ्याच्या कानात काहीसे तेच कार्य करते.

रंगांची नावेही पाहण्यासारखी आहेत. डाळिंबी, आमसुली, विटकरी, राखी, शेवाळी, पोपटी, मोरपंखी ही नावे वस्तूंवरून आली आहेत. यांत अमूर्त रंग नाही, हाताळलेली वस्तू आहे. पांढऱ्या स्वच्छ चांदण्याला ‘पिठूर’ म्हणताना तर चंद्रप्रकाशाची उपमा थेट जात्याच्या पाळीवर येते. ज्या घरात पहाटे दळण होत असे, त्या घराच्या डोळ्यांनी पाहिलेले ते चांदणे आहे.

गंज कोणाची?

येथे मोने यांच्या गंजींकडे पुन्हा वळता येईल. मोहोळ परिसर रब्बी ज्वारीचा आहे. मालदांडी ज्वारी काढून झाली की शेतात व वस्तीवर कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. फाल्गुनातल्या सकाळी त्या गंजीवर पडलेले पिवळे ऊन आणि तिची लांब, निळसर सावली कोणत्याही चित्रकाराला मोह घालील अशीच असते. परंतु शेतकरी त्या गंजीकडे पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्यात प्रकाशासोबत आणखी एक हिशेब चालू असतो. पेंढ्या किती आहेत, जनावरे किती आहेत, मृगापर्यंत पुरेल काय? ज्येष्ठात तीच गंज काळवंडते, खचते, एका बाजूने उपसलेली दिसते. रंगबदलाची ही मालिका त्याने मोने यांच्याइतक्याच बारकाईने पाहिलेली असते. १९७२ चा दुष्काळ किंवा २०१२–१३ मधील चारा छावण्या ज्यांनी अनुभवल्या, त्यांच्या लेखी गंजीचा फिका पडत जाणारा पिवळा रंग ही निव्वळ रंगसंवेदना राहत नाही.

म्हणजेच कांदिन्स्की यांना वस्तू ओळखू न येण्यात जी मुक्ती दिसली, ती येथे संभवत नाही. गंज ओळखू न येणे हे येथील माणसाला परवडणारे नाही. क्षणाचे सौंदर्य टिपणारी कला श्रम आणि अभाव यांना दृश्याबाहेर ठेवते, असा आक्षेप सामाजिक जाणिवेच्या समीक्षेने निसर्गवर्णनपर लेखनावर घेतला आहे. त्यात तथ्य आहे. तथापि हा आक्षेप दृक्प्रत्ययावर नसून अलिप्त दृक्प्रत्ययावर आहे, हे बोलीच्या उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे. कासराभर दिवसात कासरा धरणारा हात आहे. पिठूर चांदण्यात दळणारी बाई आहे. ज्वारी पोटरीत आली, निसवली, हुरड्यात आली असे सांगताना शेताचा पालटता रंग आणि पिकाची अवस्था ही दोन माहितीपत्रके वेगळी राहत नाहीत. येथे डोळा पाहतो आणि काम करणारा हात त्याला माप पुरवितो.

वर्गातील वर्णन

या विवेचनाचा आपल्या अध्यापनाशी काय संबंध, असा प्रश्न विचारला जाईल. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत निसर्गवर्णन येते तेव्हा ते बहुधा ‘निसर्गरम्य’, ‘नयनमनोहर’, ‘धरतीने हिरवा शालू पांघरला होता’ अशा साच्यांतून येते. पौष महिन्यात, ज्वारी पिवळसर होऊ लागली असतानाही शालू हिरवाच राहतो. ज्याने सकाळी वस्तीवरून निघताना प्रत्यक्ष काहीतरी पाहिलेले असते, तो विद्यार्थी कागदावर मात्र पाठ्यपुस्तकातला सूर्य उगवितो. याचा दोष केवळ त्याच्याकडे जात नाही. प्रमाणभाषेच्या नावाखाली घरचे शब्द आपण लाल शाईने खोडले आणि साचेबंद विशेषणांना गुण दिले, तर विद्यार्थ्याने निराळे काय करावे? यात केवळ शब्दसंपत्तीचा ऱ्हास नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, याचा निर्णय तो त्या लाल शाईवरून करीत असतो.

वर्णन तपासण्यासाठी एक साधी कसोटी सुचविता येईल. विद्यार्थ्याचे वाक्य दुसऱ्या गावाला आणि दुसऱ्या वेळेला लावून पाहावे. ते जसेच्या तसे लागू पडत असेल, तर त्याने काही पाहिलेले नाही. ‘सूर्य अस्ताला जात होता’ हे वाक्य कोकणातही चालते आणि मोहोळातही. ‘उन्हे कलली तशी गंजीची सावली गोठ्याच्या दारापर्यंत आली’ हे वाक्य मात्र आपली जागा सोडत नाही. त्यात अलंकार नाही, परंतु वेळ आहे, जागा आहे आणि त्या जागेचे काम आहे.

या सूचनेतील धोकाही मान्य केला पाहिजे. बोलीतील शब्द केवळ गावरान रंग आणण्यासाठी पेरले गेले, तर तेही साचेच होतील. ज्या मुलाने कासरा हाती धरलेला नाही, त्याच्या निबंधात कासराभर दिवस हा उसना दागिना ठरेल. आजचा विद्यार्थी दुचाकीवरून महामार्गाने महाविद्यालयात येतो आणि त्याच्या सकाळीची मापे वेगळी असू शकतात. ती मापे त्याने स्वतः शोधावीत, एवढीच अपेक्षा आहे. बोलीपासून घ्यावयाची ती रीत. शब्द जसेच्या तसे आलेच पाहिजेत असे नाही.

निष्कर्ष

१. दृक्प्रत्ययवाद म्हणजे पुसटपणा किंवा मोघमपणा नव्हे. विशिष्ट वेळ, जागा आणि प्रकाश यांच्याशी असलेली काटेकोर निष्ठा हे त्याचे लक्षण आहे.

२. रंगसमृद्ध किंवा चित्रमय असलेली प्रत्येक कविता दृक्प्रत्ययवादी ठरत नाही. ‘औदुंबर’ आणि ‘श्रावणमास’ यांतील फरक हेच दर्शवितो.

३. ‘दृक्प्रत्यय’ व ‘संस्कार’ या दोन पर्यायी संज्ञांतील भेद दुर्गा भागवत यांच्या गद्यात आणि बोलीतील वर्णनांत मिटलेला दिसतो.

४. बोलीतील दृक्प्रत्यय श्रमाशी जोडलेला आहे. त्यामुळे अलिप्ततेच्या आक्षेपाला तो बळी पडत नाही.

५. वर्णनपर लेखनाच्या मूल्यमापनात विशेषणांच्या संख्येपेक्षा पाहण्याच्या नेमकेपणाला स्थान मिळाले पाहिजे.

मोने यांना एका गंजीसाठी अनेक कॅनव्हास लागले, कारण ती गंज दर घटकेला निराळी होती. आपल्या विद्यार्थ्याच्या घरामागे तशीच एक गंज उभी आहे आणि ती कशी दिसते हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते लिहावे आणि आपण ते खोडू नये, इतके जरी साधले तरी मराठीच्या अध्यापनाचे एक काम झाले, असे म्हणता येईल.